चार पक्ष्यांचे आडनाव

या लिखाणात मी कोणाचेच नाव घालणार नाही, माझेसुद्धा नाही. एक नाव मी चुकीचे सांगितले आणि ते अमेरिकेत छापले जाता जाता राहिले, त्याची ही हकीकत आहे. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही देवळाच्या मंडपात भरणारी. ऱ्हस्वदीर्घ चुकले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. न घेतले तरी मी बदलणार नाही.

बायको जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलगा जहाजावर, सून नोकरीपायी फोंड्याला, आणि पार्सेच्या घरात मी. सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून दोन उंडे घ्यायचे, एक सकाळी, एक संध्याकाळी. दुपारी पेज. पोदेराशी दोन शब्द होतात, तेवढेच दिवसाचे बोलणे. सून म्हणाली होती, फोंड्याला चला. मी म्हटले, माझी माडाची झाडे तिथे येणार काय? मग ती परत म्हणाली नाही. तिने आणखी एकदा म्हणायला हवे होते, असे मला पुढे बरेच दिवस वाटत राहिले, पण ते मी तिला सांगितले नाही.

रविवारचा दिवस मात्र वेगळा. रविवारी सकाळी अमेरिकेतून नातीचा फोन येई, चेहरा दिसणारा. तिथे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवी आणि समोर कदेल, म्हणजे खुर्ची, घेऊन बसे. कधी कधी तासभर आधीच बसे.

ही नात आमच्याकडेच वाढली. तिचे शिक्षण पक्ष्यांचे. आधी पणजीला, मग बंगळूरला, मग अमेरिकेला एका विद्यापीठात. तिथे ती हमिंगबर्ड नावाच्या पक्ष्यांवर काम करते. अंगठ्याएवढा पक्षी, हवेत एका जागी उभा राहून फुलातला मध पितो. तिने पहिल्यांदा फोनवर चित्र दाखवले तेव्हा मी म्हटले, हा तर आपला शिंजीर, जास्वंदीवर येतो तो.

"आजो, तो शिंजीर नव्हे. हे पक्षी आपल्याकडे नाहीतच."

"चोच तीच, काम तेच. मग नव्हे कसा?"

ती म्हणाली, काम एक आहे म्हणूनच दिसायला सारखे. नाते काही नाही. मी चार रविवार वाद घातला. मग एकदा मलाच खाणीवरचे दिवस आठवले. डिचोलीकडच्या खाणीवर आम्ही वेंगुर्ल्याकडचे, कोल्हापूरचे, बेळगावचे, सगळे संध्याकाळपर्यंत एकाच लाल रंगाचे होत असू. नवीन माणसाला वाटे, सगळे भाऊच. नळावर आंघोळी झाल्या की कोण कुठला ते कळे. हे मी तिला सांगितले तेव्हा ती एवढी हसली की फोन तिच्या हातून पडला.

"आजो, माझं काम तेच आहे. मी पक्ष्यांना आंघोळ घालते."

मग तिने नीट समजावले. या हमिंगबर्डांतले काही अगदी साधे. पाठ मळकट हिरवी, पोट पांढरे, चमक नाही. जुन्या साहेबांनी त्या सगळ्या साध्या दिसणाऱ्यांना एका प्रजातीत घातले. पक्ष्याच्या नावात दोन शब्द असतात, पहिला प्रजातीचा आणि दुसरा त्याचा स्वतःचा. मी म्हटले, म्हणजे सरकारी कागदासारखे, आडनाव आधी. ती म्हणाली, तसेच समज. आता तिने आणि तिच्या सरांनी त्यांचे रक्त तपासले, तर त्यांतले चार पक्षी भलत्याच घरातले निघाले. साधेपणा दोन्हीकडे वेगवेगळा आलेला होता.

मला हे सोपे गेले. खाणीवर मी नमुना काढणारा होतो. ट्रकने माती ओतली की तिच्यात लोखंड किती ते बघायला प्रयोगशाळेत एक पिशवी जाते. ट्रकभर ढिगातून एक पिशवी. ती कशी काढायची हेच सगळे काम. ढीग शंकूसारखा रचायचा, वरून दाबून पसरायचा, फळीने चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. राहिले त्याचा परत ढीग, परत चार वाटे, असे पिशवीपुरते उरेपर्यंत. शेवटी पिशवीला चिठ्ठी. माझी चिठ्ठी कधी चुकली नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही. दुसऱ्यांच्या चुकत, ट्रक उलटे फिरवावे लागत.

तर चार पक्षी वेगळे निघाले, मग जुने आडनाव कोणाचे? तिने सांगितले, तिथल्या संग्रहालयात कपाटे आहेत. एका खणात तो पहिला मेलेला पक्षी अजून आहे, पोटात कापूस भरलेला, पायाला चिठ्ठी बांधलेली. त्याच्यावरून ते आडनाव लिहिले गेले. तो जिकडे जाईल तिकडे आडनाव जाणार. तो या चौघांतला नव्हता, म्हणून चौघांना आता आडनाव नाही.

"मग जुनी पुस्तकं बघायची," ती म्हणाली. "कोणी पूर्वी त्यांच्यातल्या एकाला जरी वेगळं आडनाव देऊन ठेवलं असलं तर तेच घ्यायचं, आपल्याला आवडो नाहीतर नको. पहिलं नाव ते पहिलं."

पुस्तके बघण्यात सात-आठ महिने गेले. कोणी दिलेले नव्हते. मग एका रविवारी तिने सांगितले की नवे आडनाव द्यायचे काम सरांनी तिच्यावर सोपवले आहे, आणि ती आजीचे नाव देणार आहे.

मी फोन डब्याला नीट टेकवला. मग विचारले, एवढे रंगीत रंगीत पक्षी सोडून या मळकटांना का? ती म्हणाली, आजीला हेच आवडले असते. हे खरे होते. तिला भडक लुगडे कधी चालले नाही.

"पण आजो, एक सांग. आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

माझा चहाचा कप हातात होता, तो मी खाली ठेवला.

नात म्हणाली, आजी एकदा कोकमाची सोलां वाळत घालताना बोलली होती, की हे माझे नाव नव्हे, माझे वेगळे होते. काय होते म्हणून विचारले तर म्हणाली, मेल्यावर सांगेन. "बाबांना विचारलं. त्यांना माहीत नाही. मामाच्या घरी सगळे तिला बाय म्हणत, म्हणाले. तुला तर माहीत असणार. मला तिचं स्वतःचं नाव हवंय."

"वेगळं काही नव्हतं," मी म्हटले. "जे होतं तेच ठेवलं. आजी तुझी मस्करी करत होती."

"नक्की?"

"मी सांगतो ना."

तिने माझ्या तोंडून ते नाव लिहून घेतले. ते नाव मी दिलेले होते.

आमच्यात लग्नात नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायचे असते. मी लिहिले. चौथी शिकलेला माणूस, पण अक्षर माझे सुरेख. बायका वाकून वाकून बघत होत्या. तिचे जुने नाव मी तोपर्यंत फार तर दोनदा ऐकले होते, एकदा बघायला गेलो तेव्हा आणि एकदा भटजींच्या तोंडून. तिसऱ्यांदा ऐकले ते पहिल्या चवथीला. गणपतीला नवा जावई म्हणून मी इब्रामपूरला तिच्या माहेरी गेलो. जेवणाची पाने मांडलेली. तिच्या भावाने तिला वाढायला हाक मारली, ती जुन्या नावाने. मी म्हटले, ते नाव आता संपले. भाऊ माझ्याच वयाचा, थट्टेखोर. तो म्हणाला, भावजी, तुम्ही तांदळात लिहिलात, ते तांदूळ आम्ही शिजवून खाल्ले. पंगत हसली. मी भरल्या पानावरून उठलो आणि चालत निघालो. ती मागून पिशवी घेऊन धावत आली. त्यानंतर त्या घरात मी पाऊल ठेवले नाही. ती जाई, सकाळी जाऊन संध्याकाळी येई. तिला मी अडवले नाही, एवढे माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पण घरी आल्यावर तिकडचा एक शब्द काढायचा नाही, हेही मीच सांगितले होते.

आता खरे सांगायचे तर नातीने विचारले तेव्हा मी नाव लपवले नव्हते. मला ते आठवतच नव्हते. तीन अक्षरे होती एवढे ठाऊक. इतक्या जोराने ते घालवले होते की ते गेले. पण आजोला आजीचे नाव माहीत नाही, हे त्या फोनमध्ये बघून मी कसे सांगणार?

दोन दिवस मी छाती काढून फिरलो. तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात सांगितले की हिचे नाव अमेरिकेत चार पक्ष्यांना लागणार. एकजण म्हणाला, आमच्या नावाचा एक डास तरी निघतो काय बघ म्हणावे नातीला. दुसरा म्हणाला, तुला चावतात त्यांना तुझे नाव आहेच की. दुकानदाराने माझ्या चहात साखर जास्त घातली. मग कोपऱ्यातला एक म्हातारा पोस्टमन, निवृत्त झालेला, तो म्हणाला, आणि पुढे चूक निघाली तर? पत्ता चुकला तर पत्र परत येते, नावाचे काय?

मी म्हटले, चूक निघणार नाही. पण घरी येऊन मला चैन पडेना. पुढच्या रविवारी मी नातीला सहज विचारल्यासारखे विचारले, छापून झाल्यावर नाव बदलता येते काय?

"नाही आजो. एकदा छापलं की संपलं. ज्याने दिलं त्यालाही बदलता येत नाही. उद्या कोणी म्हणालं की हे नाव शोभत नाही, हे नाव चुकीच्या माणसाचं आहे, तरी तेच राहतं. शंभर वर्षांनीसुद्धा."

कधी छापणार, मी विचारले. ती म्हणाली, शेवटची दुरुस्ती पुढल्या शुक्रवारपर्यंत द्यायची आहे.

खाणीवर चुकीची चिठ्ठी लागली तर ट्रक परत फिरवता येत असे. हे तसे नव्हते. म्हणजे मी मेल्यावर, नात मेल्यावर, माडाची झाडे मेल्यावर, कुठल्या तरी देशात कोणी तरी ते पुस्तक उघडणार आणि तिथे मी तांदळात लिहिलेले असणार. एक दिवस मला याचा आनंदही झाला, तो लपवत नाही. दुसऱ्या दिवशी तिची सोलां वाळवायची सुपे माळ्यावरून खाली काढताना मला मेल्यावर सांगेन हे आठवले, आणि सुपे तशीच हातात राहिली.

पेडण्याच्या नोंदणी कार्यालयात आमच्या लग्नाची नोंद असणार, हे मला सुचले. तिथे गेलोही. खिडकीतल्या बाईने अर्ज दिला. अर्जात पहिलाच रकाना, वधूचे लग्नापूर्वीचे पूर्ण नाव. मी म्हटले, तेच तर हवे आहे. ती म्हणाली, नावावरूनच शोधतात, वर्ष तरी सांगा. वर्ष सांगितले. ती म्हणाली, ती वही पोर्तुगीज काळानंतरची, पण पाने चिकटली आहेत, पंधरा दिवस लागतील. शुक्रवार चार दिवसांवर होता.

राहिले इब्रामपूर.

मी जायचे टाळण्यासाठी देवाला कौल लावला, असे म्हटले तरी चालेल. आमच्या देवळात गुरव देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवतो आणि आपण प्रश्न सांगायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अर्धा अर्धा तास लोक बसतात. मी सांगितले, एका घरी जाऊ की नको. गुरवाने गाऱ्हाणे पुरेही केले नव्हते आणि उजवी पाकळी पडली. मी म्हटले, वारा होता, परत लाव.

"एकदा दिल्यान तो कौल," गुरव म्हणाला. "देवाक उलटतपासणी नाय."

बुधवारी सकाळच्या बसने निघालो. पेडण्याला बस बदलली. इब्रामपूरच्या तिठ्यावर उतरलो तर वाट आपोआप पायाखाली आली. घर तेच होते, कौले जाऊन वर पत्रे आले होते. मेव्हणा खळ्यात काजूच्या बिया उन्हात घालून बसला होता, माकडांवर नजर ठेवायला हातात काठी. तिच्या अंत्यविधीला तो आला होता तेव्हा लांब उभा राहिला होता. तेव्हाही आम्ही बोललो नव्हतो. मला बघून तो उठला नाही. काठीने समोरची पायरी दाखवली. मी बसलो. त्याची सून पाणी ठेवून गेली. माकडांनी यंदा फणस ठेवले नाहीत, हे तो म्हणाला. आमच्याकडे माकडे कमी आहेत, हे मी म्हणालो. मग त्याने काठीने बिया पसरून सारख्या केल्या.

"एक विचारायचं होतं," मी म्हटले.

"इचारा."

"तिचं नाव काय होतं?"

"कोणाचा?"

"हिचं."

त्याने काठी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितले. मला वाटले आता हसेल. पानावरून उठलो त्या दिवशी हसला होता तसा हसेल, आणि मी उठून जाईन, आणि मला जायला कारण मिळेल. तो हसला नाही.

"भावजी, तुमका म्हायत नाय?"

मी पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला.

"पन्नास वर्सां संसार केलात."

"बावन्न," मी म्हटले.

तो आत गेला. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, तुम्हीच वाचा, माझ्या तोंडाला ते आता येणार नाही. त्या चवथीनंतर त्याच्या आईने घरात सगळ्यांना सांगितले होते की तिला आता नुसते बाय म्हणायचे. न जाणो, कोणाच्या तोंडून ते नाव गेले, पार्सेपर्यंत पोचले, आणि पोरीला त्रास झाला तर. "म्हणान सोडला," तो म्हणाला. "पोरांका तर आम्ही सांगूकच नाय."

डब्यात चिठ्ठ्या होत्या. वहीच्या पानांचे तुकडे, किराण्याच्या पुडीचे कागद, कॅलेंडरची मागची बाजू. बसच्या कंडक्टरकडे देऊन ती माहेरी पाठवत असे. मी डिचोलीला खाणीवरच्या खोलीत सोमवार ते शनिवार असे, बहुतेक तेव्हाच्या, थोड्या नंतरच्या. त्यांत काही विशेष नव्हते. फणस पाठवू नको, इथे पुष्कळ आहेत, काजूच्या बिया पाठव. आईचा गुडघा कसा आहे? मुलाला खोकला होता, आता बरा आहे. डबा परत देताना रिकामा देऊ नको. एकीत लिहिले होते, हे शनिवारी येतात, माणूस त्याआधी पाठव. आणि प्रत्येक चिठ्ठीखाली तिचे नाव. तीन अक्षरे. शेवटच्या अक्षराची वेलांटी उगाच लांब ओढलेली, जशी शाळेतली मुलगी नवीन पेन मिळाल्यावर ओढते. शेवटची चिठ्ठी मरणाच्या आधीच्या पावसाळ्यातली. तोपर्यंत तिचा हात थरथरू लागला होता, पण वेलांटी तेवढीच लांब.

मी सगळ्या वाचल्या. माझ्याविषयी वाईट एक शब्द नव्हता. बरा शब्दही नव्हता. मी त्यांत फक्त शनिवारी येत होतो.

एक चिठ्ठी नेऊ काय, मी विचारले. तो म्हणाला, नाही. वाचा, लिहून घ्या, पण चिठ्ठी घरातून जाणार नाही. मी बसच्या तिकिटामागे नाव लिहिले. कशासाठी हवे ते त्याला सांगितले, पक्ष्यांचे, नातीचे. त्याला कितपत कळले ठाऊक नाही. तो परत बियांकडे वळला होता.

त्या संध्याकाळी मी रविवारची वाट न बघता नातीला फोन लावला. तिच्या चित्रावर बोट ठेवायचे, एवढे मला येते. ती घाबरून म्हणाली, आजो, आज बुधवार, काय झाले?

"नाव चुकीचं सांगितलं मी तुला."

"चुकून?"

"नाही."

मग मी तिला सगळे सांगितले. तांदूळ, चवथ, डबा.  तिच्या मागे खिडकी होती, तिथे सकाळचे ऊन होते, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी म्हटले, अजून शुक्रवार आहे ना? ती म्हणाली, आहे. तिकिटावरचे नाव मी वाचून दाखवले. तिने ते मला तीनदा म्हणायला लावले. मला पहिल्या दोन वेळा ते नीट म्हणता आले नाही.

"ठेवते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी डब्याला फोन टेकवून दुपारपर्यंत बसून राही आणि मग पेज थंड झालेली पिऊन टाकी. आपणहून लावावा असे वाटे, पण बुधवारी मी लावला होता, आता पाळी तिची. तिसऱ्या आठवड्यात फोनवर कागद आले, सोबत शब्द नाही. मी पेडण्याला जाऊन ते कागदावर काढून घेतले. झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईने वाचून मराठीत अर्थ सांगितला. चार पक्षी, त्यांची मोजमापे, त्यांचे नवे आडनाव, आणि त्याखाली दोन ओळी. हे लेखिकेच्या आजीचे जन्मनाव आहे. तिने ते आयुष्यभर स्वतःच्या हाताने लिहून जपले. बाईला मी म्हटले, पुढे बघा, आजोबांविषयी काही आहे काय? तिने सगळी पाने चाळली. म्हणाली, नाही हो, आजोबा कुठे नाहीत.

चहाच्या दुकानात कागद फिरला. पोस्टमन म्हणाला, हे कोणाचे नाव? तू तर वेगळे सांगितले होतेस.

"हे तिचं," मी म्हटले.

"आणि ते?"

"ते माझं होतं."

एकदोघांनी एकमेकांकडे बघितले. कोणी थट्टा केली नाही. करायला हवी होती, मला बरे वाटले असते.

चौथ्या रविवारी नातीचा फोन आला. जेवलास काय, गुडघा कसा आहे, पंखा दुरुस्त केलास काय. आधी तासभर चालायचा तो फोन दहा मिनिटांत संपला. आजीचा विषय तिने काढला नाही. मीही नाही. आता दर रविवारी येतो, दहा-बारा मिनिटे.

कागद घरात ठेवावासा मला वाटेना. कपाटात ठेवला, तिथून काढून देवापुढे ठेवला, तिथेही बरा दिसेना. तो आमच्या घरचा नव्हताच. एका सकाळी पिशवीत घातला आणि परत इब्रामपूरची बस धरली.

मेव्हणा खळ्यातच होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावला, पण इंग्रजी अक्षरे त्याला येत नाहीत. त्याने सुनेला हाक मारली. तिने जोडून जोडून वाचले आणि ते नाव मोठ्याने म्हणाली. मग तिने विचारले, मामंजी, हे कोण? तो म्हणाला, ती आपली बाय. सुनेने आतल्या बायकांना बोलावले, शेजारची एक आली, आणि त्या सगळ्या ते नाव म्हणून बघू लागल्या, कोणी हळू, कोणी हसत, पक्ष्याचे काय म्हणून कोणी विचारत. मी पायरीजवळ उभा होतो. त्यांच्या तोंडाला ते सहज बसत होते. मेव्हणा कागद घेऊन आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आत डबा उघडल्याचा आवाज झाला.

सून म्हणाली, आजोबा, जेवून जावा, भात झालेला आहे.

"जेवून आलोय," मी म्हटले. सकाळी अकरा वाजताचे कोण जेवून येतो, पण तोंडातून गेले ते गेले. तिने परत विचारले नाही. मी तिठ्यावर आलो. पेडण्याची बस दीड वाजताची होती. थांब्याच्या बाकड्यावर ऊन येत होते, म्हणून मी मागच्या चिंचेखाली बसलो. तिथून त्यांचे खळे दिसते. पाने मांडली गेली, काजूच्या बिया गोळा केल्या, मेव्हणा हात धुवायला बाहेर आला. त्याने तिठ्याकडे बघितले. मी त्याला दिसत होतो, यात संशय नाही. त्याने हाक मारली असती तर मी गेलो असतो. त्याने मारली नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही मारली नसती. बस वेळेवर आली.